मे महिन्यात व्हिएतनाम-कंबोडियाला जाताना बॅगेत काय भरावं?

प्रश्न थोडक्यात असा: अकोल्याचं पाच जणांचं कुटुंब मेच्या शेवटच्या आठवड्यात दहा दिवसांसाठी व्हिएतनाम-कंबोडियाला निघालंय. हनोई, हा लाँग बे, दा नांग, हो ची मिन्ह सिटी आणि शेवटी अंगकोरच्या मंदिरांसाठी कंबोडियातलं सिएम रीप. सोबत ७३ वर्षांचे सासरे (रक्तदाब, मधुमेह, इन्सुलिन चालू), ६८ वर्षांच्या सासूबाई (कायम साडी) आणि नऊ वर्षांची मुलगी. ताई लिहितात, "अकोल्यात आम्ही ४५ अंश काढतो. तिथलं तापमान ३४-३५ दाखवतंय. मग सुती कपडे, टोपी, गॉगल एवढं पुरे ना? आणि खायला किती न्यायचं?"

पुरे नाही. मी पुण्याहून या भागात ग्रुप घेऊन जाते, आणि पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त हाल होतात ते विदर्भ-मराठवाड्याकडच्या मंडळींचे. मुंबईकर कुरकुर करतात, पण तग धरतात. कारण तुम्हाला सवय आहे ती कोरड्या उन्हाची. अकोल्यात घाम येतो आणि लगेच उडून जातो, म्हणून अंग थंड राहतं. तुमचा कूलरही त्याच कोरड्या हवेच्या जोरावर चालतो. तिकडे हवेत आधीच इतकं पाणी असतं की घाम उडत नाही, नुसता वाहतो. ३४ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता एकत्र आली की अंगाला ते साधारण ४६ अंशांसारखं लागतं. रात्रीही सुटका नाही. सिएम रीपला मे महिन्यात रात्रीचा पारा पंचविशीच्या खाली क्वचितच उतरतो. मुंबईत पाऊस लागायच्या आधी जूनचा पहिला आठवडा कधी काढला असेल, तर तो डोळ्यांसमोर आणा आणि त्यात सकाळी आठपासून दगडी पायऱ्या चढायच्या आहेत असं धरा.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. उन्हापासून वाचवणाऱ्या वस्तू तुम्ही न सांगता घ्यालच. बॅग भरायची ती घामाच्या हिशोबाने. प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारायचं, ही ओली झाली तर उद्या सकाळपर्यंत वाळेल का? नाही वाळणार, तर ती घरीच राहू दे.

या चाळणीत सगळ्यात आधी जीन्स पडते. एक जीन्स सहज सहाशे-सातशे ग्रॅम भरते, घामाने मांड्यांना चिकटते आणि धुतली तर दोन दिवस ओली राहते. दरवेळी कोणीतरी "प्रवासात घालायला एक असू दे" म्हणून आणतंच, आणि ती विमानातून उतरल्यावर घडी होऊन परत येईपर्यंत बॅगेतच राहते. सुती म्हणजे चांगलं हेही अर्धंच खरं. जाड होजिअरीचे टी-शर्ट, जाडसर खादी, हातमागाचे भरड कुर्ते हे पाणी पितात आणि सोडत नाहीत. सुती घ्या, पण मलमलीच्या जातीचं, पातळ आणि सैल. लिनन उत्तम, चुरगळतं त्याकडे दुर्लक्ष करा. रेयॉनचे कुर्ते अंगाला गार लागतात, पण वाळायला फार वेळ घेतात. पुरुषांनी व्यायामाचे ते ड्रायफिट टी-शर्ट दोन-तीन न्यावेत. त्यांना घामाचा वास लवकर लागतो हे खरं, पण रात्री धुतलेला सकाळी घालता येतो. रंग फिके किंवा छापाचे निवडा. राखाडी रंगावर घामाचा एकेक ठिपका दिसतो आणि मग फोटोत लोक काखा झाकून उभे राहतात.

किती जोड? अंगावरचा धरून पाच. दहा दिवसांना दहा जोड नेणारे दुपारी एकदा बदलतात, संध्याकाळी पुन्हा बदलतात आणि पाचव्या दिवशी त्यांच्याकडे वीस किलो ओलसर, आंबूस वासाचे कपडे असतात. आतले कपडे मात्र प्रत्येकी आठ घ्या, त्यात कंजुषी नको.

पाच जोडांवर भागवायचं तर धुणं आलं, आणि धुण्यापेक्षा वाळवणं महत्त्वाचं. याची रीत नीट सांगते, कारण इथेच बहुतेकांचं गणित बिघडतं. संध्याकाळी अंघोळीला जाताना त्या दिवसाचे दोन हलके कपडे बेसिनमध्ये साबणाने खुबळून घ्यायचे. पिळायचे, पण कापड मोडेल इतकं नाही. मग पलंगावर कोरडा पंचा पसरायचा, त्यावर ओला शर्ट सपाट अंथरायचा, दोन्ही मिळून घट्ट गुंडाळी करायची आणि ती जमिनीवर ठेवून तिच्यावर गुडघ्याने दाब द्यायचा. पंचा निम्मं पाणी ओढून घेतो. नंतर कपडा झटकून हँगरला लावायचा आणि एसीच्या झोताच्या वाटेत टांगायचा. बाथरूममध्ये कधीच नाही. तिथे खिडकी नसते, हवा दमट असते, सकाळी शर्ट रात्रीइतकाच ओला आणि वर कुबट वास. एसी खोलीतली हवा कोरडी करतो, त्यामुळे सहा-सात तासांत पातळ कापड खडखडीत होतं. यासाठी बॅगेत पाच मीटर नायलॉनची दोरी, डझनभर चिमटे आणि कपडे धुण्याच्या साबणाची अर्धी वडी एवढंच लागतं. दिवसा बाहेर पडताना दाराजवळच्या खाचेतलं खोलीच्या किल्लीचं कार्ड काढलं की एसी बंद होतो, म्हणून वाळवायचं ते रात्री. पंचा प्रत्येकी एक न्या. टर्किश टॉवेल हॉटेल देतं, घरचा नेऊ नका. पंचा मात्र दिवसभर गळ्यात, डोक्यावर, भिजवून मानेवर, कुठेही उपयोगी पडतो.

सिएम रीपला किलोवर कपडे धुऊन देणारी लाँड्रीची दुकानं गल्लोगल्ली आहेत. सकाळी दिले की बहुधा संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी घडी करून मिळतात. हॉटेलची लाँड्री नगावर पैसे लावते, तिच्या वाटेला जाऊ नका.

सासूबाईंच्या साडीबद्दल. कायम साडी नेसणाऱ्या बाईला परदेशी निघाल्या म्हणून अचानक ड्रेस घालायला लावणं मला पटत नाही. त्या अवघडून जातात आणि सगळी सहल ओढणी सावरण्यात जाते. साडीच राहू दे, पण जॉर्जेट आणि सिंथेटिक सिल्क नको, ते पायाला चिकटतं आणि पाऊल अडखळतं. मलमलीच्या किंवा पातळ सुती तीन साड्या पुष्कळ झाल्या. खरा त्रास साडीचा नसतो, परकराचा असतो. नाडी घामाने भिजते आणि कमरेला दिवसभर काचते. संध्याकाळी लाल पट्टा उठलेला दिसतो. रुंद पट्टीचा किंवा इलॅस्टिकचा सैल परकर घ्या आणि आत गुडघ्यापर्यंतची पातळ सुती चड्डी, म्हणजे मांड्या घासत नाहीत. हा लाँग बेला बोटीतून होडीत उतरताना आणि गुहेच्या पायऱ्यांवर साडी चार बोटं वर नेसायला सांगा. त्यांची तयारी असेल तर तेवढ्या एका दिवसापुरता एखादा पंजाबी ड्रेस बरा. सासऱ्यांना पातळ सदरा-पायजमा किंवा सैल पँट. त्यांच्या कपड्यांत नवीन काही घेऊच नका.

अंगकोरच्या कपड्यांचे नियम वेगळे लिहिते, कारण तिथे माणसं दारातून परत पाठवतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. अंगकोर वाटचा सगळ्यात वरचा टप्पा, ज्याला बाकान म्हणतात, तिथे पहारेकरी हे काटेकोर बघतात. बिनबाह्यांच्या टॉपवर नुसती ओढणी किंवा स्टोल घेतलेला ते मानत नाहीत, बाह्यांचाच कपडा लागतो. टोपीही काढायला लावतात. बारा वर्षांखालच्या मुलांना तिथे सोडत नाहीत, त्यामुळे तुमच्या मुलीपाशी खाली कोण थांबणार हे आधीच ठरवा. पायऱ्या फार उभ्या आहेत, सासू-सासरे खाली थांबले तरी काही बिघडत नाही. तळमजल्यावरच्या ओवरीत समुद्रमंथनाचं आणि कुरुक्षेत्राचं कोरीवकाम भिंतभर आहे, आणि ज्येष्ठ मंडळी त्यातच जास्त रमतात. मुलीचा पासपोर्ट त्या दिवशी जवळ ठेवा. बारा वर्षांखालच्यांना तिकीट नाही, पण वयाचा पुरावा मागतात. बाकीच्यांना एका दिवसाचे ३७ आणि तीन दिवसांच्या पासचे ६२ डॉलर.

आता एसी. बाहेर घामाच्या धारा आणि बसमध्ये १८ अंश. भिजलेल्या कपड्यांनी त्यात बसलं की तिसऱ्या दिवशी घसा धरतो. प्रत्येकाच्या हातातल्या पिशवीत एक पातळ शाल किंवा बाह्यांचं पातळ जॅकेट हवं. सामानाच्या डिकीत टाकलेल्या बॅगेत ते असून उपयोग नाही. दा नांगजवळच्या बा ना हिल्सला तुम्ही जाणारच, दगडी दिसणाऱ्या दोन हातांनी तोललेला तो सोनेरी पूल तिथेच आहे. ते ठिकाण समुद्रसपाटीपासून १४०० मीटरच्या आसपास उंच आहे. केबल कारने वर गेल्यावर एकदम धुकं आणि गार वारा लागतो. तेच जॅकेट तिथेही चालतं, वेगळा स्वेटर नको. (हेच जर तुम्ही जानेवारीत जात असता तर हनोईसाठी स्वेटर सांगितला असता. तिथे हिवाळ्यात पंधरा अंश आणि त्याखालीही जातं. व्हिएतनाम उत्तर-दक्षिण सोळाशे किलोमीटरहून लांब आहे, तेव्हा "व्हिएतनामची हवा" अशी एक काही नसते.)

मेअखेर दक्षिणेत आणि कंबोडियात पाऊस सुरू झालेला असतो. बहुधा दुपारनंतर तास-दीड तास कोसळतो आणि थांबतो. हनोईतही जोरदार सरी येतात. जाड रेनकोट न्याल तर आत घामानेच भिजाल. घडीची छत्री न्या, शक्यतो आतून काळ्या कापडाची. तीच उन्हातही लागते. टोपीने डोकं झाकतं पण वारा अडतो. छत्रीच्या सावलीत वारा खेळता राहतो, म्हणून वयस्कर माणसांना मी छत्रीच देते. प्लास्टिकचे पातळ पाँचो तिकडे रस्त्यावर अगदी किरकोळ किमतीत मिळतात.

चपला-बुटांत लोक दोन टोकं गाठतात. एक तर सहलीसाठी म्हणून नवे कोरे बूट, ज्यांनी पहिल्याच दिवशी टाच सोलते. नाहीतर माळ्यावरून काढलेले जुने "एकदम चांगले" स्पोर्ट्स शूज. हे दुसरं जास्त धोक्याचं. वर्षानुवर्षं न वापरलेल्या बुटांच्या पॉलियुरेथेनच्या तळव्याचं हवेतल्या ओलाव्याने आतल्या आत विघटन होत असतं. वरून बूट नवा दिसतो, पण दोन तास चाललं की तळवा भाकरीसारखा तुकड्यातुकड्याने सुटतो. आमच्या एका काकांच्या बुटांचे दोन्ही तळवे अंगकोरच्या ता प्रोम मंदिरात, त्या झाडांच्या मुळांपाशीच गळून पडले, आणि त्यांनी उरलेलं मंदिर सुतळीने बांधलेल्या बुटांनी पाहिलं. निघण्याआधी दोन आठवडे बूट रोज घालून चाला, म्हणजे काय ते घरीच कळेल. माझी निवड म्हणजे मागे पट्टा असलेले, चांगल्या खाचांचे फ्लोटर्स किंवा सँडल. पावसात भिजले तरी पुसून घालता येतात. बंद बूट घालणार असाल तर मोजे जास्तीचे घ्या आणि रात्री बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. अंगकोरचा दगड पावसात निसरडा होतो, तेव्हा घासून गुळगुळीत झालेली स्लीपर फक्त हॉटेलच्या खोलीत.

त्वचेबद्दल कोणी विचारत नाही आणि तिसऱ्या दिवशी सगळे माझ्याकडे हळूच येतात. जांघा, काखा, स्तनांखालची घडी, पोटाची घडी इथे काचतं आणि चालणं मुश्कील होतं. सकाळी निघण्यापूर्वी, कोरड्या अंगावर, या जागी पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेलाचा पातळ हात लावायचा. आधी लावायचं, काचल्यावर नाही. पावडरीचा उपयोग तासभर, मग घामात तिच्या गुठळ्या होतात आणि त्याच घासतात. घामोळ्यांना सैल कपडे, गार पाणी आणि कॅलामाइन लोशन पुरतं. बोटांच्या बेचक्या आणि जांघा रात्री पुसून कोरड्या ठेवा. गजकर्णासारखं काही उठलंच तर साधं बुरशीविरोधी मलम बरोबर असावं, डॉक्टरांना विचारून घेतलेलं. आपल्याकडे सरसकट लावलं जाणारं स्टेरॉइड मिसळलेलं मलम नको, त्याने खाज दोन दिवस थांबते आणि गजकर्ण पसरतं.

डासांसाठी वीस ते तीस टक्के डीईईटीचं किंवा पिकारिडिनचं औषध घ्या. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि मावळतीआधी, म्हणजे नेमके तुम्ही फिरत असता तेव्हा. घाम आला की औषध वाहून जातं, पुन्हा लावावं लागतं. आधी सनस्क्रीन, ते मुरलं की वरून डासांचं. ताप आलाच तर पॅरासिटामोलच घ्यायची. डेंग्यूची शंका असताना अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आता सासऱ्यांची औषधं, आणि हा भाग तुम्ही त्यांच्या डॉक्टरांसमोर ठेवून बोलाच. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर इतक्या घामात शरीरातलं पाणी आणि क्षार झपाट्याने कमी होऊ शकतात. गोळी मनाने बंद करायची नाही, पण डोसबद्दल जाण्याआधी विचारायचं. इन्सुलिन सामानात टाकायचं नाही, विमानाच्या पोटात ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं. ते हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. पाण्यात भिजवून वापरायच्या ज्या थंड पाऊच मिळतात, त्या अकोल्यात छान चालतात, पण त्या बाष्पीभवनावर चालतात, म्हणून दमट हवेत त्यांचा जोर कमी पडतो. त्यापेक्षा रुंद तोंडाचा छोटा थर्मास घ्या, तळाशी कापडात गुंडाळलेला बर्फाचा जेल पॅक, वर इन्सुलिन. बर्फ थेट लागू द्यायचा नाही. वापरात असलेलं पेन सहसा खोलीच्या तापमानाला चार आठवडे चालतं, पण ती खोली २५-३० अंशांची धरलेली असते, दुपारी उन्हात उभी असलेली बस नाही. हॉटेलच्या छोट्या फ्रिजवरही भिस्त ठेवू नका. बऱ्याच ठिकाणी खोलीचं कार्ड काढलं की तोही बंद होतो, आणि काहींत मागच्या पत्र्याला लागलेली वस्तू गोठते. रिसेप्शनला सांगितलं तर ते स्वयंपाकघराच्या फ्रिजमध्ये नाव घालून ठेवतात. शुगर तपासायच्या पट्ट्यांची डबी प्रत्येक वेळी घट्ट बंद करा, ओलाव्याने पट्ट्या खराब होऊन आकडे चुकतात. उष्णतेत इन्सुलिन लवकर शोषलं जातं, त्यात चालणंही जास्त, म्हणून साखर उतरली तर चटकन खायला ग्लुकोज त्यांच्या स्वतःच्या खिशात हवं, सुनेच्या पर्समध्ये नाही.

सगळ्यांसाठी ओआरएसची पाकिटं, वीस तरी. एक लिटरचं पाकीट असेल तर ते अख्खं एक लिटर पाण्यात. "थोडं थोडं टाकू" म्हणून बाटलीत अंदाजे ओतलं तर क्षारांचं प्रमाण बिघडतं. टेट्रापॅकमधली फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, मधुमेह्याला तर नकोच. नळाचं पाणी पिऊ नका. नेहमीच्या गोळ्या मूळ पट्टीतच ठेवा, मोकळ्या डबीत काढून नाही, आणि निम्म्या एका हातबॅगेत, निम्म्या दुसऱ्या.

खाण्याचं. तुम्ही शाकाहारी आहात की नाही हे लिहिलेलं नाही, पण असाल तर एवढं धरा की व्हिएतनाममध्ये न्युओक माम नावाचा माशाचा सॉस बहुतेक पदार्थांत पडतो, भाजीतसुद्धा. 'चाय' (Chay, म्हणजे शाकाहारी; चहा नव्हे) अशी पाटी असलेली खानावळ बौद्ध शाकाहारी असते, तिथे निर्धास्त जेवा. हनोई, हो ची मिन्ह आणि सिएम रीपला भारतीय जेवण सहज मिळतं, म्हणून अर्धी बॅग फराळाने भरू नका. आणि इथेही दमटपणाचाच प्रश्न येतो. चिवडा पिशवी उघडल्यावर तासाभरात सादळतो, शंकरपाळे मऊ पडतात, दशम्या आणि ओल्या सारणाचं काहीही तिसऱ्या दिवशी बुरशी धरतं. चिवडा न्यायचाच तर एकेका वेळेपुरत्या छोट्या पिशव्या सील करून न्या, एक मोठा डबा नाही. सगळ्यात उपयोगी पडतं ते मेतकूट, शेंगदाण्याची सुकी चटणी आणि गूळ. तिकडे भात जागोजागी मिळतो. पोट बिघडलेलं असताना मऊ भात, मेतकूट, मीठ याला तोड नाही. सुक्या खोबऱ्याची वाटी मात्र घेऊ नका, चेक-इन बॅगेतही नाही. तिच्यात तेल भरपूर असतं आणि विमान वाहतुकीच्या नियमांत ती ज्वालाग्राही मालात मोडते. हापूसची पेटीही नको. लोणचं तेलकट असतं, केबिनमध्ये अडवतात; घट्ट बंद करून चेक-इनमध्येच. विमान सिंगापूरमार्गे असेल तर अनारसे घरीच खाऊन घ्या. खसखस तिथे अमली पदार्थांच्या कायद्याखाली बंदीच्या यादीत आहे, आणि त्या विमानतळावर कोणाशी हुज्जत घालायची नसते.

फोन आणि कॅमेऱ्याचं एकच सांगते. अंगकोरला सूर्योदयासाठी पहाटे पाचला निघता, कॅमेरा रात्रभर एसीत गार झालेला असतो. बाहेर काढताक्षणी भिंगावर वाफ धरते आणि ती पुसून जात नाही. कॅमेरा बंद बॅगेतच ठेवून बाहेर आणा आणि वीस-तीस मिनिटं बॅग उघडू नका. चष्म्याचंही तेच, पण तो निदान पुसता येतो. हो ची मिन्ह सिटीत रस्त्याच्या कडेला उभं राहून फोन हातात धरू नका, मोटारसायकलवरून हिसकावतात. गळ्यातली दोरी आणि छातीवर आडवी पिशवी. पॉवर बँक केबिनमध्येच, आणि तिच्यावरचा आकडा वाचता आला पाहिजे. १०० वॉट-तासांपर्यंत चालते. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-तास भरते. कित्येक विमान कंपन्या आता उड्डाणात ती वापरू देत नाहीत. दोन गोल पिनांचे आपले चार्जर तिकडे बसतात, तीन जाड पिनांचं काही बसत नाही, म्हणून एक युनिव्हर्सल अ‍ॅडाप्टर आणि दोन पिनांचा छोटा एक्स्टेन्शन बोर्ड. विजेची किटली नेऊ नका, खोलीत असते.

पैशांत कंबोडियासाठी डॉलर न्या आणि नोटा कोऱ्या घ्या. जरा फाटलेली, शाईचा डाग असलेली नोट ते परत करतात, आपले मनी चेंजर मात्र बिनदिक्कत खपवतात. काउंटरवरच एकेक नोट उजेडात बघून घ्या. एक आणि पाचच्या नोटा भरपूर. मोड रिएलमध्ये मिळते, चार हजाराच्या आसपास एका डॉलरला. व्हिएतनामच्या नोटांत वीस हजार आणि पाच लाख डाँग दोन्ही निळसर असतात आणि फरक पंचवीसपट आहे. दोन्ही वेगळ्या कप्प्यात. पासपोर्ट, व्हिसाचे छापील कागद आणि नोटा झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालूनच कमरेच्या पाऊचमध्ये ठेवा, नाहीतर घामाने पासपोर्टची पानं लाटा येऊन फुगतात. आणि परतीचं विमान पुन्हा व्हिएतनाममधून असेल, विमानतळाबाहेर पडणार असाल, तर तिथला ई-व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा काढलाय ना हे आजच बघा.

  

वजनाचं म्हणाल तर तिकिटावर वीस किलो असले तरी घरून निघताना मोठी बॅग चौदा-पंधराच्या वर जाऊ देऊ नका. देशांतर्गत विमानांत हातातली बॅग बहुधा सात किलोच चालते, आणि ते खरंच काट्यावर ठेवून मोजतात. हा लाँग बेच्या रात्रीसाठी पाच जणांत मिळून एक छोटी पाठीवरची बॅग करा, मोठ्या बॅगा बसमध्ये किंवा हनोईच्या हॉटेलात राहतात. परतीला कॉफी, तिथली ती टीनची गाळणी आणि नारळाच्या वस्तू होतातच, त्यांच्यासाठी घडीची रिकामी बॅग तळाशी टाका.

मुलीला तिची स्वतःची छोटी पाठपिशवी द्या: पाण्याची बाटली, पंचा, टोपी, पत्त्यांचा कॅट. तिच्या आतल्या कप्प्यात प्रत्येक गावी हॉटेलचं कार्ड टाकायचं, तिथल्या लिपीत पत्ता असलेलं, आणि मागे तुमचा फोन नंबर. सिएम रीपच्या टुकटुकवाल्याला इंग्रजी नाव सांगून उपयोग झाला नाही तर तेच पुढे करायचं, सासऱ्यांच्या खिशातही एक असू दे.